डोळा लागला

भोक डाव्या बाहीवर होतं आणि रफू भोकाच्या शेजारी.

मास्टरनं कोट खिडकीच्या उजेडात धरला, मान वाकडी केली, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पाहिलं. "ताई, रफू झकास आहे. शोधून सापडणार नाही. फक्त भोक होतं तिथंच आहे."

शिलाईच्या दुकानात हशा पिकला. इस्त्रीवाला तर इस्त्री बाजूला ठेवून हसला. रफूताईही हसली, पण तिचं हसू ओठांच्या आत शिरलं नाही. छत्तीस वर्षं ती याच खिडकीपाशी बसून लोकांच्या कपड्यांवरची भोकं नाहीशी करत आली होती. कपड्याच्या आतल्या दुमडीतून त्याच रंगाचे धागे उपसायचे, आधी उभे भरायचे, मग एक सोडून एक आडवे ओवायचे, आणि शेवटी नखानं दाबून सारखं करायचं. सुईत दोरा ओवताना ती सुईकडे बघत नसे. सुईचं नेढं बोटावर, दोरा नखावर, आणि बाकीचं स्पर्शावर. लोक म्हणत, काय सवय आहे बाईची! तिलाही ती सवयच वाटे.

गेल्या सहा महिन्यांत मात्र धागे एकाचे दोन व्हायला लागले होते. संध्याकाळपर्यंत कपाळ ठणके. वर्तमानपत्राची ओळ मधेच सोडून नजर खालच्या ओळीत उडी मारी. आणि आज तर कोटाची जराशी विरलेली जागाच तिनं भोक समजून भरून टाकली होती.

"दोन भोकं दिसली मला," ती म्हणाली. "त्यातलं खोटं निघालं ते भरलं."

"लोकांचे दोनाचे चार होतात, तुमचे एकाचे दोन!" मास्टर म्हणाला. मग कोटाची घडी करता करता आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, आधी डोळे दाखवा. मग या."

डोळ्यांच्या डॉक्टरनं दोनदा तपासलं. मोतीबिंदू नाही. पडदा ठीक. चष्म्याचा नंबर बरोबर.

"दोन्ही डोळे चांगले आहेत," तो म्हणाला. "पण एकमेकांशी बोलत नाहीत." आणि त्यानं एक चिठ्ठी लिहून दिली.

*

तक्ता. आठवडा पहिला.
सराव: काहीच नाही. फक्त तपासणी.
काय दिसलं: चार बोटं.

*

चिठ्ठीवरच्या पत्त्यावर जी भेटली ती रफूताईच्या लेकीहून दोन वर्षांनी लहान असेल. खोलीत यंत्रं थोडी आणि खेळणीच जास्त. टांगलेला चेंडू, रंगीत मणी, काड्या, लाल-हिरव्या काचांचे चष्मे. रफूताईनं घरी येऊन तिचं नाव ठेवलं, डोळ्यांची मास्तरीण.

"अगं पोरी, सत्तावन्न वर्षं झाली मला. आता डोळ्यांना शाळेत घालायचं?"

"माझ्याकडे सत्तरीतले काका येतात, ताई. लहान मुलं लवकर शिकतात, मोठ्यांना वेळ लागतो. कुणाला पूर्ण जमतं, कुणाला अर्धं. पण मेंदू काही निवृत्त होत नाही." ती एका काडीचं टोक रफूताईच्या नाकाकडे आणत होती आणि तिच्या डोळ्यांत टक लावून बघत होती. "हं. गेला. डावा डोळा बाहेर गेला."

"तो जातोच. लहानपणी तिरळी म्हणायचे मला. मग पुढं कमी झालं."

"कमी झालं नाही. तुम्ही झाकायला शिकलात." मास्तरणीनं स्टूल पुढं ओढलं. "असं बघा. दोन डोळे दोन चित्रं पाठवतात. ती जुळली तर एक दिसतं, आणि त्यातूनच कळतं की काय जवळ आहे, काय लांब. जुळली नाहीत तर एकाचे दोन दिसतात. लहान पोराच्या मेंदूला ते सोसत नाही. मग तो एका डोळ्याकडे काणाडोळा करतो."

"डोळ्याकडे काणाडोळा!" रफूताईला गंमत वाटली.

"खरंच. आता वय झालं, थकवा आला, की ते सोंगही नीट वठत नाही. म्हणून एकाचे दोन."

"म्हणजे हा डोळा आंधळा का गं?"

"छे! डावा सगळं बघतो. सगळं पाठवतो. फक्त त्याचं कुणी ऐकत नाही."

मग मास्तरणीनं कागदाची एक नळी आडवी धरली आणि रफूताईच्या हातात काडी दिली. "बाजूनं हात आणायचा आणि काडी नळीच्या तोंडात घालायची. चाचपडायचं नाही."

रफूताईनं काडी नेली. हात थांबला. समोर नळी होती, काडी होती, आणि काडी हवेतच टेकली होती.

"परत."

परत तसंच.

"परत." या वेळी मास्तरणीनं काडीचं टोक आणि नळीचं तोंड यांच्यामधे स्वतःची बोटं घातली. ती बरोब्बर बसली. "चार बोटं. दर वेळी चार बोटं अलीकडे. हात पोचला असं तुम्हाला वाटतं आणि तो पोचलेला नसतो. घाबरू नका, हे सरावानं सुधारतं."

रफूताईचा हात तसाच हवेत होता.

"ताई? चक्कर येतेय का?"

"नाही. हे… हे कधीपासून असेल?"

"डोळा तिरळा तेव्हापासून. चार-पाच वर्षांच्या असाल तेव्हापासूनच."

"सात वर्षांची असताना?"

"असणारच की."

रफूताईनं काडी टेबलावर ठेवली. ठेवतानाही ती टेबलाच्या जरा अलीकडे सुटली आणि खाली पडली.

*

घरात एक गोष्ट सांगितली जायची. ती पन्नास वर्षं सांगितली गेली होती, त्यामुळं वापरून वापरून गुळगुळीत झाली होती.

रफूताई सात वर्षांची होती, धाकटी तीन वर्षांची. दुपारची वेळ. आईनं थोरलीला दारात बसवलं. म्हणाली, हिच्यावर नजर ठेव, जिन्याकडं जाऊ देऊ नकोस. थोरलीचा डोळा लागला. ती झोपेतच कलंडली आणि उंबऱ्यावर आपटली. भुवईवर खोक पडली, तिचा व्रण अजून आहे. तेवढ्यात धाकटी जिन्यापाशी गेली. वळणावर कठड्याचा एक गज निसटलेला होता. त्या फटीतून ती खाली गेली. दुसऱ्या मजल्यावरून तळापर्यंत.

गोष्टीचा शेवट आई स्वतः सांगायची, आणि तिथं ऐकणारे हमखास डोळे पुसायचे. "पण मी पोरीला एका शब्दानं बोलले नाही. लहान जीव. डोळा लागला तिचा, काय करणार!"

खरंच बोलली नाही. कधीच. फक्त त्यानंतर रफूताईला कुणी कशावर लक्ष ठेवायला सांगितलं नाही. दूध तापायला ठेवलं तर आई स्वतः शेगडीपाशी उभी. पुढं रफूताईला लेक झाली तेव्हा रांगत्या पोरीवर आईच डोळ्यांत तेल घालून बसली. रफूताईचा नवरा घर बदलू म्हणाला, आई म्हणाली, तुम्ही जा, मी इथंच. मग कुणीच गेलं नाही. नवरा पुढं वारला, लेक लग्न होऊन चार गल्ल्या पलीकडं गेली, आणि दोघी मायलेकी त्याच दुसऱ्या मजल्यावर, त्याच दाराच्या आत राहिल्या. आई आता त्र्याऐंशीची. दुपारी अजून दारापाशी ताठ स्टुलावर बसते. पाठ टेकत नाही, भिंतीलासुद्धा नाही. "तुझी आई म्हणजे पहारेकरी," शेजारी म्हणतात. "दुपारची झोप म्हणून माहीत नाही बाईला!"

आणि आता नात होती. दीड वर्षाची, गोल, कपड्यात बांधल्यासारखी. सगळे तिला गठुडी म्हणत. आणखी चार महिन्यांनी लेकीला कामावर रुजू व्हायचं होतं. लेकीनं सरळ विचारलं, "आई, तू सांभाळशील?"

रफूताईनं तोंड उघडायच्या आत स्टुलावरून उत्तर आलं. "तिच्यावर नको. तिचा डोळा लागतो."

"आजी, पन्नास वर्षं झाली त्याला!"

"पन्नास काय नि शंभर काय."

लेकीनं आईकडे पाहिलं. रफूताई म्हणाली, "नको गं. माझ्यावर नको."

त्या वेळी तिला ते खरंच वाटत होतं. आता चार बोटं मधे आली होती. झोपलेल्या मुलीचा हात चार बोटं अलीकडे थांबत नाही. झोपलेली मुलगी हातच पुढं करत नाही. मग ती बाही कुठून आली? कारण रफूताईला एक बाही आठवत होती. फुग्याची, लहानशी, हातापासून चार बोटांवर. इतकी वर्षं ती समजत आली होती की ते तिला पडलेलं स्वप्न आहे. उंबऱ्यावर झोपलेल्या मुलीला पडलेलं.

आपण झोपलो होतो की जागे होतो? एवढंच तिला पाहिजे होतं. सत्तावन्नाव्या वर्षी दुसरं काही मागावंसं तिला वाटत नव्हतं.

*

तक्ता. आठवडा तिसरा.
सराव: मण्यांची दोरी, रोज दहा मिनिटं. एक टोक खिडकीच्या गजाला, एक नाकाला. तीन मणी: हिरवा, पिवळा, लाल. एकेका मण्याकडे पाहायचं. दोन्ही डोळे चालू असतील तर दोन दोऱ्या दिसतील आणि त्या मण्यापाशी एकमेकींना छेदतील.
काय दिसलं: एकच दोरी.

आठवडा चौथा.
काय दिसलं: एकच दोरी. आई म्हणते, नाकाला दोरी बांधून बैलासारखी काय उभी राहतेस.

आठवडा सहावा.
काय दिसलं: पिवळ्या मण्यापाशी दुसरी दोरी आली. डावीकडून. फिकट. थरथरत होती. मग गेली.

आठवडा सातवा.
काय दिसलं: दुसरी दोरी राहिली. तिचं लांबचं टोक खिडकीला नाही. कुणीतरी धरलंय.

*

मास्तरणीनं ती ओळ दोनदा वाचली. "धरलंय? कुणी?"

"एक बाही दिसते. फुग्याची. बाकी काही नाही."

मास्तरणीनं तक्ता खाली ठेवला. तिच्या वयाच्या मुली अशा वेळी काहीतरी शहाणपणाचं बोलून मोकळ्या होतात, ती झाली नाही. "ताई, त्याचं मला काही सांगता येणार नाही. माझ्या पुस्तकात ते नाही. दुसरी दोरी दिसली, एवढं मात्र माझं. डाव्याचं ऐकू यायला लागलंय. त्रास वाटला तर थांबायचं, मला फोन करायचा, दामटून करायचं नाही. थांबायचंय?"

"नाही."

"नक्की?"

"अगं, पन्नास वर्षं ज्याचं कुणी ऐकलं नाही त्याला आता मधेच गप्प कसं बसवू?"

दोरीच्या जोडीला आता डोळ्यांपुढं उलटसुलट फिरवायच्या भिंगांची फिरकी आली, चेंडूवरची अक्षरं वाचणं आलं, नळी आणि काडी तर होतीच. चार बोटांची तीन झाली. दुकानात मास्टर म्हणाला, "ताई, आता भोकातच रफू करता, मजा गेली." चहा कपात पडू लागला. वर्तमानपत्राच्या ओळी जागच्या जागी राहू लागल्या. आणि जिथं तिथं, डाव्या अंगाला, पाहायला जावं तर नाही आणि पाहू नये तर आहे, अशी ती बाही.

आईच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. ती स्टुलावरून विचारायची, "काय म्हणतो तुझा डोळा?"

"सुधारतोय."

"या वयात सुधारून काय दिवे लावणार आहे?"

"जुनं दिसतंय त्याला, आई."

आई उठून दाराची कडी बघून यायची. लागलेली असायची. तरी बघून यायची.

*

अकराव्या आठवड्यात, दुपारी बाराच्या सुमाराला, रफूताई भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होती. ती नेहमी भिंतीच्या बाजूनं चढे. कठड्याला हात लावायचा नाही हा तिचा जन्माचा नेम. आतापर्यंत जिन्याच्या मधली ती पोकळी तिला कधी पोकळी वाटलीच नव्हती. भिंतीवर टांगलेल्या चित्रासारखी ती चपटी होती, गज आणि त्यांच्यामधली काळी पट्टी.

दुसऱ्या मजल्याकडे वळताना कठडे दोन झाले. हे रोजचं होतं; ती थांबली, श्वास घेतला, मास्तरणीनं सांगितल्याप्रमाणं एका गजाकडे नजर लावली आणि दोन कठडे हळूहळू सरकू दिले. ते सरकले. एकमेकांत गेले.

आणि पोकळी उघडली.

गज पुढं आले. त्यांच्यामागची जागा मागं गेली, आणखी मागं गेली, आणि खाली गेली. खाली म्हणजे किती खाली हे तिला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं. तिच्या हातून पिशवी सुटली, बटाटे पायऱ्यांवरून टपटपत गेले, आणि एक कठड्यातून खाली पडला. तळाशी पोचायला त्याला वेळ लागला.

ती पायरीवरच बसली. बसल्यामुळं तिचं डोकं सात वर्षांच्या मुलीइतकं उंच राहिलं.

समोर, वळणावर, एक गज इतरांपेक्षा जाड होता. नंतर बसवलेला. त्याच्या शेजारच्या जुन्या गजावर बोल्टाचं टोक बाहेर आलेलं होतं. इतकी वर्षं तो तिला एक ठिपका वाटायचा, रंगाचा डाग. आता तो तिच्याकडे रोखून बाहेर आला होता, चांगला अर्धं बोट. टोकाला एक खाच होती.

तिनं डाव्या भुवईवरचा व्रण चाचपला. लहानसा बाक आणि मधे खाच. कपड्यावर असा डाग असता तर तिनं लगेच सांगितलं असतं, हा कशानं पडला. उंबरा लाकडाचा, गोल घासलेला. उंबऱ्यानं खाच पडत नाही.

ती पुढं सरकली आणि भुवई त्या बोल्टाला लावली. बसली.

मग हात गजांमधून पुढं गेला. आपोआप.

*

उजवा डोळा:
उंबरा. ऊन. घरात आई. गरम होतंय. धाकटी खेळतेय. मग काही नाही. मग पुष्कळ माणसं.

डावा डोळा:
धाकटी उंबऱ्यावर नाही. धाकटी जिन्याच्या वळणावर आहे, पाठमोरी, फटीत एक पाय. मी हाक मारते. ती वळून हसते. मी पळते. मी गुडघ्यावर पडते, हात घालते. बाही आहे. बाही हातात आली. आली असं वाटतं. भुवईवर काहीतरी फुटतं. मूठ मिटते आणि मुठीत काही नाही.

दोन्ही:
मी जागी होते.

*

ती वर आली तेव्हा आई स्टुलावर होती आणि गठुडी जमिनीवर, रिकाम्या रिळांचा ढीग मांडून. लेक तासाभरासाठी आजीपाशी पोर ठेवून गेली होती. रफूताईपाशी नव्हे, आजीपाशी. तसं म्हणून गेली असणार.

"भाजी कुठंय?" आईनं विचारलं.

"जिन्यात."

आईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. भुवईवर गंजाचा तांबडा ठिपका उमटला होता. आईचा हात आपल्याच गुडघ्यावर घट्ट झाला.

रफूताई खाली बसली, स्टुलाच्या पायाशी. भांडायचं तिच्या मनात नव्हतं. तिचा आवाज लहान मुलीसारखा निघाला. "आई, त्या दिवशी माणसं जमली तेव्हा मी काय म्हणाले होते?"

"किती वेळा सांगायचं? तू म्हणालीस, हो, डोळा लागला."

"माझ्या डोळ्यातून रक्त येत होतं ना?"

"भुवईतून."

"मला सात वर्षांच्या पोरीला कुठलं आलंय भुवई नि डोळा. डोळ्याला लागलं, असं म्हणायचं होतं मला. डोळा लागला असं म्हणाले. गुडघ्याला लागलं की गुडघा लागला म्हणायचे मी. तूच हसायचीस."

गठुडीनं एक रीळ दुसऱ्यावर ठेवलं. ते पडलं.

"पण आई, हो कशाला म्हणाले मी? हो म्हणजे कुणीतरी विचारलं असणार. तू विचारलंस, डोळा लागला का? म्हणून मी…"

"मी विचारलं नव्हतं," आई म्हणाली.

गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. आईनं तिकडं कान दिला, जसं काही त्यात तिच्यासाठी निरोप होता.

"मी विचारलं नव्हतं गं. मी सांगत होते."

रफूताईला आधी कळलंच नाही.

"तुला दारात बसवलं नि म्हटलं पाच मिनिटं पाठ टेकू. धाकटी रात्रभर रडली होती. कशी झोप लागली देव जाणे. आरडाओरडा झाला तेव्हा उठले. दारात आले नि तेच बडबडत सुटले. डोळा लागला, डोळा लागला. दुसरं काही येईच ना तोंडात. शेजारीण माझ्याकडे बघत होती, आणि तू मधेच म्हणालीस, हो, लागला. तुझं सगळं तोंड रक्तानं भरलेलं. शेजारणीनं तुला पोटाशी धरलं नि मला म्हणाली, पोरीला रागावू नका हो, लहान आहे, झोप लागली बिचारीला."

"आणि तू?"

"मी रागावले नाही." आईचे ओठ हलत राहिले. "सगळे म्हणाले, काय मन आहे बाईचं."

"तुझा डोळा लागला होता."

"माझा."

"पन्नास वर्षं, आई!"

"रोज सांगणार होते. तू मोठी झालीस की सांगू, तुझं लग्न झालं की सांगू, तुला मूल झालं की सांगू. मग तूच म्हणायला लागलीस ना, माझा डोळा लागतो, माझ्यावर नको. तुलाच खरं वाटत होतं. म्हटलं, आता कशाला?" तिनं मान वर केली. "मी तेव्हापासून दुपारी पाठ टेकलेली नाही. एकदाही नाही. विचार कुणालाही."

रफूताईला विचारायची गरज नव्हती. तिनं ते पाहिलं होतं. साऱ्या बिल्डिंगनं पाहिलं होतं आणि कौतुक केलं होतं. काणाडोळा मेंदू करतो म्हणे. इथं तर अख्ख्या घरानं केला होता, आणि त्यात ती स्वतःही होती.

तिला ओरडावंसं वाटलं. स्टूल उलथावंसं वाटलं. पण स्टुलावर बसलेली बाई त्र्याऐंशी वर्षांची होती, आणि सगळा भार काढून घेतल्यासारखी एका बाजूला कलायला लागली होती. रफूताईनं तिला धरलं. हात नेमका खांद्यावर पडला, अलीकडे नाही, पलीकडे नाही.

"पडतेस का जरा?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात माया नव्हती. रागही नव्हता. पोरांना विचारतात तसं विचारलं.

"गठुडी आहे."

"मी आहे."

आई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्यात. मग म्हणाली, "कडी बघ."

"बघते."

रफूताईनं तिला कॉटपर्यंत नेलं. आईनं पाठ टेकताना डोळे गच्च मिटले, थंड पाण्यात उतरताना मिटावे तसे. पाच मिनिटांत तिचा डोळा लागला. तोंड उघडं राहिलं, एक हात कॉटखाली लोंबत राहिला.

दुपार झाली होती. दारातून तोच उजेड आत येत होता.

रफूताईनं कडी लावली नाही. हे ती पुढं कधी कुणाला सांगणार नव्हती, पण दार तिनं उघडंच ठेवलं. ती उंबऱ्याच्या आत बसली, दारापासून एका हातावर, आणि वाट पाहिली.

गठुडीला रिळांचा कंटाळा आला. ती उठली. डुलत डुलत दाराकडे निघाली. उंबऱ्यापाशी थबकली, एक पाय वर उचलला. बाहेर जिन्याचा कठडा होता, जुने गज, एक जाड गज, त्यामागची ती खोल जागा. सगळं आपापल्या अंतरावर.

रफूताईनं हात पुढं केला. घाईत नाही. बोटं झबल्याच्या कडेला लागली, कापड मुठीत आलं, जाडंभरडं सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं, शिवणीत एक धागा सुटलेला. गठुडीनं वळून पाहिलं आणि हसली.

आणि तिच्या डाव्या बाजूला, तिच्याहून जराशी उंच, दुसरी बाही होती. फुग्याची. ती नाहीशी होईल असं रफूताईला वाटलं होतं. झाली नाही. ती आता फिकटही नव्हती. जिन्याच्या वळणावर, गजाच्या पलीकडे, स्वच्छ उभी होती.

रफूताईच्या एका मुठीत झबलं होतं. दुसरा हात आपोआप उठला आणि अर्ध्यात थांबला.

मधे चार बोटं होती. आता ती तिला नीट दिसत होती.

आत आई झोपेत काहीतरी पुटपुटली. रफूताईनं मागं वळून पाहिलं नाही. तिनं पापणीही लवू दिली नाही.